तांब्याभर पाण्याची पारख

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत वामनरावांनी एकतीस वर्षं परखी चालवली. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार नळी. पोत्याच्या तोंडाशी कितीही टपोरा दाणा दिसो, तळात काय आहे ते ती बाहेर काढते. निवृत्त झाल्यावर परखी कंपनीत राहिली, खोड मात्र वामनरावांबरोबर घरी आली. भाजीवालीच्या टोपलीत तळापासून हात घालणारा हा माणूस अख्ख्या मंडईला ठाऊक होता, आणि तिथे तो कुणाचा फारसा लाडका नव्हता.

गेल्या दिवाळीत त्यांच्या पत्नी, उमाताई, मागच्या अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. संडास-बाथरूम अंगणापलीकडे, दोन पायऱ्या उतरून. तिथे जायचं तर दर वेळी नवऱ्याला हाक मारायची, त्याने दंड धरून न्यायचं आणि बाहेर खाकरत उभं राहायचं. आयुष्यात कुणाकडे वरच्या फळीवरचा डबासुद्धा काढून न मागितलेल्या बाईला हे किती लागत असेल, ते त्या बोलत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, घरातच सोय करा. वामनरावांनी कंबर कसली.

आधी आला स्वानंद, नवा इंटिरिअर डिझायनर. लॅपटॉपवर त्याने झोपायच्या खोलीला जोडून सुंदर बाथरूम काढलं. काचेचा पडदा, छतात लपवलेले दिवे.

"चित्र छान आहे. पाच वर्षं वापरलेलं एखादं काम दाखवता?" वामनरावांनी विचारलं.

"काका, मला धंदा सुरू करून दीडच वर्ष झालंय," स्वानंद म्हणाला.

खरं बोलणारा माणूस वामनरावांना आवडला. नकाशाचं काम त्यालाच दिलं.

बांधणाऱ्याचा शोध मात्र लांबला. ठेकेदाराने आपलं काम दाखवलं की वामनराव त्याची सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं शोधून त्यांच्या घरी जात आणि तांब्याभर पाणी मागत. घरवाले कौतुकाने देत. हे गृहस्थ ते न पिता सरळ बाथरूममध्ये जाऊन फरशीवर ओतत आणि चष्मा सावरून बघत बसत. एके ठिकाणी पाणी मधेच थबकलं. दुसरीकडे ते थेट बैठकीत निघालं. "साहेब, काम पाहून राह्यले का पोरगी?" एक ठेकेदार वैतागून म्हणाला आणि परत आलाच नाही.

नवव्या घरात पाणी कुठेही न रेंगाळता जाळीत गेलं. सात वर्षांपूर्वीचं काम होतं, हसनाबादच्या तातेराव मिस्तरीचं. वामनरावांनी दुसरा तांब्या मागितला, तोही ओतला, आणि तिथूनच मिस्तरीला फोन लावला.

तातेराव आला. स्वानंदही नकाशा घेऊन आला होता. तातेरावने तो नीट पाहिला आणि खडू मागितला. मग झोपायच्या खोलीत उकिडवं बसून त्याने भिंत, दार, कमोड, बेसिन, सगळं खऱ्या मापात फरशीवर आखलं.

"ताई, या बरं आत. जल्दी न्हाई."

उमाताई वॉकर टेकत खडूच्या दारातून आत शिरल्या. वळायला गेल्या, तर वॉकरचे दोन पाय खडूच्या भिंतीपलीकडे. स्वानंदचा चेहरा उतरला.

"कागदावर सगळं बराबर बसून राह्यलंय," तातेराव म्हणाला. "मंग ताईंनी कुठं वळायचं? ताई, तुमाला कुठं पाह्यजे हे? इचारलं का कुणी?"

नऊ परक्या घरांत तांब्या ओतून आलेल्या वामनरावांनी हा प्रश्न घरात एकदाही विचारला नव्हता.

"स्वयंपाकघराला लागून," उमाताई हळूच म्हणाल्या. "दिवसभर मी तिथेच असते. पण शेजारची खोली तुमच्या नमुन्यांची आहे, म्हणून बोलले नाही." मग म्हणाल्या, "तिकडे जाणं नको, म्हणून मी पाणीच पीत नाही हल्ली."

उमाताईंच्या उशाशी तांब्या भरलेलाच राहतो, हे वामनराव रोज बघत होते. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावात, ही काटकसर करते असं ते समजले होते. उलट शेजाऱ्यांपाशी कौतुकही केलं होतं! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

स्वयंपाकघराशेजारच्या त्या खोलीत एकतीस हंगामांच्या बियाण्यांच्या बरण्या होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. उमाताईंनासुद्धा तिथे झाडू मारायची परवानगी नव्हती. बरण्या रिकाम्या करायला दोन दिवस लागले, आणि वामनरावांचा जीव तुटला हे खोटं नाही. खरं तर त्यातलं निम्मं बी पेरलं तरी उगवलं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

स्वानंदने उमाताईंच्या वॉकरची मापं घेऊन नवा नकाशा काढला. तातेरावने तीन आठवडे सांगून पाच लावले, पण ज्या दिवशी येणार नव्हता त्या दिवशी सकाळीच फोन केला. असा मिस्तरी जालन्यात मिळणं म्हणजे नशीबच.

काम संपलं त्या दुपारी उमाताई एकट्या आत गेल्या, एकट्या बाहेर आल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसल्या. वामनराव शेवटची परीक्षा घ्यायला माठातून तांब्या भरून निघाले.

"द्या इकडे," उमाताई म्हणाल्या, आणि मान वर करून त्यांनी सगळा तांब्या घटाघटा पिऊन टाकला.

रिकामा तांब्या घेऊन वामनराव तिथेच उभे राहिले.

"साहेब, उतार पाह्यचा न्हाई का?" थापी धुता धुता तातेरावने विचारलं.

"पाहिला," वामनराव म्हणाले, आणि तांब्या पुन्हा भरायला माठाकडे वळले.