लांब बाहीचं स्वेटर

डांबरगोळ्यांचा वास सुटला. ह्यांचं जुनं स्वेटर घालून नात विचारत होती, "आजी, याची एकच बाही लांब काऊन आहे वं?"

लग्नानंतर आम्ही दार्जिलिंगला गेलो होतो. तिथल्या गार ओढ्यात ह्यांनी बाहीसकट हात घातला आणि ओंजळीत अलगद काहीतरी उचललं.

"सॅलॅमँडर आहे, बेडकाच्या जातीतला. पाह्य, पुन्हा दिसन नाई."

मला दिसली नुसती शेपटी. देवळी गावची ही शूर सून "पाल, पाल" करत, चपला हातात घेऊन चढावर पळाली. वरून म्हणते कशी, "घरी पाली कमी होत्या काय, मले इतक्या दूर आणलं ते?"

हे हसत सुटले. हसतच त्यांनी त्या जिवाला पाण्यात सोडलं. खोलीवर येऊन मी स्वेटर एका ओल्या बाहीनं खुंटीला टांगलं, ती ओघळून लांब झाली.

"पुढच्या वर्षी नीट दाखवतो," हे दरवर्षी म्हणायचे. जाणं राहिलं, आणि मग हेच गेले.

नातीने लगेच मोबाइलवर सॅलॅमँडरचा फोटो शोधून दिला. मी चष्मा लावून पाहिला. गोड आहे हो बिचारा. पण तो दगडावर बसलाय, खाली ह्यांची ओंजळ नाही.