पाचटाचा वास

माझ्या बायकोच्या मामांइतका वासाला भिणारा माणूस पलूस तालुक्यात सापडायचा नाही. लग्नाआधी ते उसाच्या पेटलेल्या फडात अडकले होते, कसेबसे वाचले. तेव्हापासून ऊस तुटल्यावर कुणी रानात उरलेल्या वाळक्या पाल्याचं पाचट जाळलं, की मामा घरात शिरतात आणि धडाधड खिडक्या लावतात. ते एक असो. पण त्यांची लेक सुमन? तिला त्या आगीचं कुणी चकार शब्दानं सांगितलं नव्हतं, तरी रांगती असल्यापासून त्या धुरानं ती लटलटा कापायची. डॉक्टर झाले, अंगारे झाले. अखेर मामांनीच निदान केलं, "भ्यालो मी, आन ते भ्या पोरीच्या रक्तात उतरलं." हे सांगताना त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा व्हायचा.

आता नातवंडात ते उतरू द्यायचं नाही, असा मामांनी चंगच बांधला. सुमनचं लग्न होतंय न होतंय, तोच मलकापूरच्या जावयाच्या मागे लागले. "जावईबापू, मोगरा हुंगा. बापाचंबी उतरतंय!" त्या गरीब माणसाच्या मोबाइलच्या दुकानाला देवळाचा वास यायला लागला. सुमन बाळंतपणाला माहेरी आली, तर मामा बांधाबांधानं हात जोडत हिंडले, "गड्या, पाचट जाळू नगं, कुजीव. रान लय सुधारतंय." त्यांचा ससेमिरा चुकवायला निम्म्या गावानं खरंच पाचट कुजवलं.

निम्म्यानं नाही. ऐन बारशाला, पाळणा म्हणत असतानाच शेजारच्या रानातून धूर आला. सुमन पांढरीफटक पडली. मामा सवयीनं खिडकीकडे धावले, पण मध्येच थांबून पाळण्यात डोकावले. बाळानं मस्त जांभई दिली आणि ते परत झोपलं. "सुटलं गं बाई, सुटलं!" म्हणत मामा बायकांच्या घोळक्यात चक्क नाचले.

थोड्या वेळानं ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसले. आवाज अगदी बारीक. "पाव्हणं, बरंच झालं म्हना. पन माझं कायच घेतलं न्हाई व्हय त्यानं?"

तेवढ्यात सुमन नाकाला पदर लावून त्या धुरात बाहेर आली आणि तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. मामांनी वाकून त्याची टाळू हुंगली. रानात पाचट जळत असताना त्यांना असा छातीभर श्वास घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.