सरांचा मोर कोऱ्या स्क्रीनमागे

१. सकाळी आमच्या निवृत्त बसवराज सरांच्या जुन्या कॉम्प्युटरचा एकरंगी मॉनिटर आणि त्याला चित्र पुरवणारं कार्ड काढलं. रंगीत मॉनिटर आणि त्याचं कार्ड बसवलं.
२. फाइलींची यादी नीट दिसली. काम झालं समजून जुना मॉनिटर आणि कार्ड मी भंगारात दिलं.
३. सरांनी स्वतः लिहिलेला गेम लावला. स्क्रीन कोरी.

"यादी दिसतीय की गं! मग मोर कुटं गेला?" सरांनी विचारलं.

गेममधला तो मोर त्यांच्या दिवंगत पत्नीने, चादरीचं डिझाइन काढतात तसा, चौकटीच्या कागदावर काढला होता.

त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिममार्फत चित्र काढणं फार संथ होतं. म्हणून गेम चित्र थेट कार्डाच्या मेमरीत लिहीत. सरांचा गेम अजून जुन्या कार्डाच्या पत्त्यावर लिहितोय. तिथे आता काहीच नाही. यादी मात्र सिस्टिममार्फत येते, म्हणून ती दिसली. हे मला माहीत होतं, तरी मी फक्त यादी तपासली.

"लॅपटॉपवर चालवून देऊ?"

"नको बाई. ती ह्याच कीबोर्डवर खेळायची."

दुपारी भंगारवाल्याकडे गेले. माल पुढे गेला होता.

रविवारी सर मुलीकडे कायमचे राहायला जाणार आहेत. सोलापुरात कुणाकडे चालू एकरंगी मॉनिटर आणि कार्ड असेल, तर शुक्रवारपर्यंत इथे कळवा.