घरच्या तांदळाची हरकत

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

शहापुरात माझं टायपिंगचं दुकान आहे. किमान वेतन वाढवण्याआधी सरकार मसुदा काढून हरकती मागवतं. आज सकाळी एक गोदामवाले शेठ त्यांची हरकत टाइप करून घ्यायला आले. माझी आई त्यांच्याच गोदामात पॅकिंगला जाते, हे त्यांना ठाऊक नाय.

"लिही ताई, इथल्या बायकांना घरचा तांदूळ असतो. वाढीची गरज नाही."

एकही चूक न करता टाइप केलं.

दुपारी दुसरी हरकत टाइप केली, आईची आणि तिच्यासोबतच्या बायकांची. शेवटी लिहिलं, "आमचा तांदूळ ज्या शेतात पिकायचा, तिथेच आज शेठचं गोदाम उभं आहे."

दोन्ही पाकिटं एकाच पोस्टातून गेली.

तुमच्या शेठने तुमच्याबद्दल काय लिहिलंय? मुदतीच्या आत या. तुमची फुकट टाइप करीन.