माझ्या खोलीतली हजेरी

गटांगळ्या खाणाऱ्या मुलांना काठावर आणायचं काम कॉलेजनं माझ्या गळ्यात मारलं, कारण मी गणित शिकवते आणि मला नाही म्हणता येत नाही. प्रोबेशन म्हणजे शेवटची संधी. राहिलेले विषय या सत्रात काढा, नाहीतर पटावरून नाव कमी. शिवाय रोज एकदा माझ्याकडे यायचं, अशी अट. बहुतेक मुलं आठवडाभर येतात आणि मग मला लांबून पाहून जिना बदलतात.

ती मात्र रोज यायची. राहायला भोपाळच्याच बाग सेवनियात, वडील सरकारी कचेरीत, घर मूळचं नागपूरकडचं. दुसऱ्या वर्षाच्या गणितात तिनं दोनदा आपटी खाल्ली होती. मधल्या सुट्टीत दार ढकलायची, कपाटाजवळची खुर्ची ओढायची आणि न सांगता वही उघडायची. माझी जीभ काही गोड नाही.

"पुन्हा उणे चिन्ह खाल्लंस! आई डबा देत नाही का?"

"देते न मॅडम," ती हसायची. "आता नाही खाणार."

आणि खरंच खाल्लं नाही. दिवाळीनंतर ती समीकरणं अशी सोडवायला लागली की मला तिच्या चुका शोधाव्या लागत. एम. पी. नगरच्या क्लासेसना हजारो रुपये मोजूनही ज्यांना हे जमत नाही, अशी पोरं मी पाहिली आहेत. ही पास होणार, असं मी धरून चालले. आशा करायची सवय मी केव्हाच सोडली होती, तिच्यापायी पुन्हा लागली.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिच्या वर्गाला गणित शिकवणारे सर चहा पिता पिता म्हणाले, "वो लड़की? वो तो क्लास में कभी आई ही नहीं." हजेरी भरत नव्हती, म्हणून तिला परीक्षेला बसू देणार नव्हते. माझ्याकडे एक दिवस न चुकवणारी मुलगी वर्ग चुकवत असेल, हे कुणाच्या डोक्यात येईल?

ती आली तशी मी तिच्यावर बरसले. "दिवसभर असतेस कुठे?"

"लायब्ररीच्या मागे. तुमच्याकडे यायची वेळ होईपर्यंत."

"आणि वर्ग?"

"ज्युनिअर्ससोबत बसावं लागते मॅडम. सर रोज म्हणतात, बैकवाले खड़े हो जाओ. विषय राहिलेल्यांनी उभं राहायचं, मग सगळे वळून बघतात." ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "मला वाटलं, तुमच्याकडे येते न रोज, तर चालते."

मला त्या सरांचा राग आला, तिचा आला, रोज माझ्याकडे यायची ती मूर्ख अट घालणाऱ्यांचा आला. तिरमिरीत मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. "मॅडम, हमारे हाथ में कुछ नहीं है," ते म्हणाले. एरवी सगळं त्यांच्याच हातात असतं. परीक्षा तिच्याविना झाली आणि तिचं नाव कमी झालं.

नवीन सत्र सुरू झालं त्या दिवशी मधल्या सुट्टीत दार ढकललं गेलं. तीच. खांद्याला तीच बॅग. तिनं खुर्ची ओढली.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. "आईनं डबा भरून दिला न. आता कुठे जाऊ?"

इथं यायचं आता काही कारण उरलेलं नाही, आज संध्याकाळी वडिलांना सांग, हे सगळं मला बोलायचं होतं. सकाळपासून मी चार वर्गांवर ओरडले होते. तिच्यापुढे मात्र मी टेबलावरचे कागद बाजूला करून जागा केली. तिनं वही उघडली, एक लांबलचक गणित सोडवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी ओळ न ओळ तपासली. कुठंही चूक नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"मग उद्या पुढचं करू न मॅडम?"

मी हो म्हणाले.