हेडमास्तरांची रोजनिशी

गावाच्या संग्रहाची खोली ती एकटी सांभाळायची. जुने फोटो, पत्रं, शाळेची हजेरीबुकं, लोकांनी माळ्यावरून काढून दिलेलं सगळं. कागदावरची बुरशी मऊ ब्रशनं झाडायची, नंबर टाकायची, नोंद करायची. गाव तिला दप्तरवाली म्हणे. लहानपणी मात्र 'चोराची पोर' म्हणायचं.

तिची आई शाळेत झाडलोट करायची. एकदा वाचनालयातली चाळीस पुस्तकं गायब झाली आणि हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर आईकडे बोट दाखवलं. नोकरी गेली. त्यानंतर आई बाजारातसुद्धा मान खाली घालून चालायची, ती मरेपर्यंत.

हेडमास्तरांचा मुलगा निवृत्त वकील. एके दिवशी त्यानं वडिलांची ट्रंक मोठ्या ऐटीत आणून दिली. "बाबांच्या रोजनिश्या आहेत. गावाचा ठेवा आहे हा. त्यांच्या नावाचं एक कपाट करा."

दानपत्रावर सही करून तो गेला. ट्रंक त्यानं कधी उघडूनही पाहिली नव्हती. दप्तरवालीनं पानन् पान वाचलं. चौथ्या वहीत सापडलं. पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही. वहीला नंबर टाकला आणि कपाटाच्या उद्घाटनाची वाट बघत बसली. अकरा महिने.

उद्घाटनाला सगळा गाव जमला. वकिलाचं भाषण संपल्यावर तिनं वही उघडून त्याच्या हातात दिली.

"वकीलसाहेब, वडिलांचं अक्षर तुम्हालाच लागेल. वाचून दाखवा ना."

त्यानं घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "पुस्तकं मेव्हण्याच्या घरी पोचली. आळ झाडूवालीवर गेला, ते बरंच झालं..." तिथे तो थांबला.

"पुढची ओळ राहिली," ती म्हणाली.

तो वाचेना. मग तिनंच वही घेतली आणि मोठ्यानं वाचलं, "गरीब बाई आहे, बोलणार नाही."

आईला तोंडावर चोर म्हणणारी दोन-तीन म्हातारी माणसं खाली बघत होती. तिनं एकेकाकडे डोळे रोखून, वेळ घेऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वकील ट्रंक परत मागायला आला. "मला आधी बाजूला घेऊन सांगायचं होतंत, बाई."

"माझ्या आईला कुणी बाजूला घेतलं होतं?" तिनं दानपत्र पुढे सरकवलं. "तुम्ही वकील आहात. दिलेलं परत मिळतं का, ते तुम्हीच सांगा."

संग्रहाच्या समितीनं सांगून पाहिलं, कपाटात उघडं ठेवलेलं ते पान तरी मिटा, झालं ते झालं. ती म्हणाली, "मग किल्ली तुम्हीच घ्या, मी निघते." किल्ली घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

वही आजही काचेखाली त्याच पानावर उघडी आहे. वकील आता संध्याकाळी फिरायला मागच्या गल्लीनं जातो, मान खाली घालून. संग्रहाच्या खोलीची एक खिडकी त्या गल्लीत उघडते. पूर्वी ती बंद असायची. दप्तरवालीनं तिचा गंजलेला कडीकोयंडा तेल घालून मोकळा केला आणि आपली खुर्ची तिथे हलवली.