बर्फात ठेवलेलं रक्त

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जुन्या केसेसचा विषय निघाला, की माझ्या डोळ्यांसमोर आधी येते ती निळी पेटी. आजही हसू येतं.

वडूज भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळचे अकरा वाजून गेले होते, तोच सांगलीच्या एका महाविद्यालयातल्या मॅडम घाईघाईनं आत आल्या. डाळिंबावर औषध फवारणाऱ्या माणसांच्या रक्तातल्या पेशी तपासून, त्या औषधानं डीएनएची मोडतोड होते का, हे त्या शोधत होत्या. आमच्या हद्दीतल्या एका गावच्या समाजमंदिरात रक्त घेतलं, बर्फाच्या निळ्या पेटीत ठेवलं, हात धुवायला गेल्या आणि परत येतात तो पेटी गायब. संध्याकाळपर्यंत रक्त थंड राहून सांगलीला पोचलं नाही, तर पेशी मरणार आणि सगळी मेहनत मातीत जाणार. बाई रडकुंडीला आल्या होत्या.

पेटीशेजारचा लॅपटॉप आणि पर्स जिथल्या तिथं होती. मी वैतागलो. रक्त चोरून माणूस करणार तरी काय?

हवालदाराला बाजारात पिटाळलं. रसवंतीवाले चाचा आमचे जुने खबरी. त्यांनी सांगितलं, त्या गावचा एक म्हातारा धनगर सकाळीच बर्फाचा मोठा तुकडा घोंगड्यात गुंडाळून घेऊन गेला. चहाशिवाय दुसरं काही न पिणारा माणूस बर्फ कशाला नेतोय, याचं चाचांना नवल वाटलं होतं. मलाही वाटलं. चोरलेला माल जपून थंड ठेवणारा चोर माझ्या पाहण्यात नव्हता.

पेटी म्हाताऱ्याच्या मेंढरांच्या वाड्यात, ओल्या पोत्याखाली सापडली. एकही नळी फुटलेली नव्हती आणि वर ताजा बर्फ होता. म्हाताऱ्याला पेटीसकट ठाण्यात आणलं. त्याच्या पोरानंही त्या सकाळी रक्त दिलं होतं आणि तो फवारणीच्या कामावर म्हसवडकडं निघून गेला होता.

दमात घेतलं, आवाज चढवला, पण म्हातारा जमिनीकडं बघत बसून राहिला. असा माणूस आपण ओरडल्यानं बोलता होत नाही, हे मला नोकरीनं शिकवलेलं. हवालदाराला बाहेर घालवलं, चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "आबा, चोरलंत ते चोरलंत. ओतून का नाही दिलंत?"

"पोराचं रगात हाय सायेब. वतायचं कुटं? आन् गरम झालं की नासतं, आसं त्या बाईच म्हनल्या हुत्या."

मग म्हातारा हळूहळू मोकळा झाला. पोर त्याचं नव्हतं. मेंढरं घेऊन कोकणात उतरले असताना सोबतचा गडी आणि त्याची बायको तापानं गेली. त्यांचं तान्हं लेकरू ह्यानं उचललं. आपलीच बायको वाटेत बाळंत झाली, असं गावात सांगितलं आणि ते कायमचं झाकून ठेवलं. डीएनए तपासून बाप कोण ते काढतात, हे त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. नळ्यांवर नुसते आकडे, पोराची कुठली ते कळेना, म्हणून अख्खी पेटीच उचलली.

मी मॅडमना आत बोलावलं. म्हाताऱ्याची गोष्ट काढली नाही, फक्त विचारलं, या तपासणीत बाप कोण ते कळतं का? त्या म्हणाल्या, "छे हो. पेशीतला धागा औषधानं तुटलाय का, तेवढंच बघतो. कुणाचा धागा, ते बघतच नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला. "मंजी माज्या पोराचा तुटलाय का काय?"

"तेच तर बघायचंय, आबा."

"मंग हितं चा काय पीत बसलाय? चला की!"

पेटी डोक्यावर घेऊन म्हातारा आमच्या आधी मॅडमच्या गाडीपाशी. पेटी मिळाली, तक्रार नाही, असं मॅडमनी लिहून दिलं. स्टेशन डायरीत मी 'वस्तू मिळून आली' एवढीच नोंद केली. त्यापुढचं मुद्दामच लिहिलं नाही. संध्याकाळी मॅडमचा फोन आला, पेशी जिवंत होत्या. म्हाताऱ्याच्या बर्फानं काम केलं होतं.

पुढं मॅडम गावात येऊन सांगून गेल्या. काहींच्या पेशींत मोडतोड दिसतेय, त्यावरून कुणा एकाला पुढं काय होईल ते सांगता येत नाही, पण नाक, तोंड, हात झाकल्याशिवाय फवारू नका. म्हाताऱ्यानं ते वाक्य पक्कं धरलं.

माणसानं काय केलं, हे आम्ही पोलीस लगेच विचारतो. तो कशाला भ्याला, हे मी त्या दिवसापासून आधी विचारायला लागलो. बरेच गुन्हे त्यानंच उलगडले.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावावरून जात होतो. डाळिंबाच्या बागेत पोरगा फवारत होता आणि बांधावर म्हातारा काठी घेऊन बसला होता. मला ओळखून पोरगा रस्त्यावर आला. म्हणाला, आबांनी सगळं सांगितलं, कोकणातलंबी. हे कुठं लिहायचं तर खुशाल लिहा. मग बांधाकडं बघत म्हणाला, "सख्खा बाप आसता तर येवडा तरास दिला नसता ओ सायेब."

तेवढ्यात बांधावरून काठी वर झाली. पोरानं गळ्यातला मास्क मुकाट्यानं नाकावर ओढला.